‘लोकच अडाणी’ हे उत्तर खोटे आहे

करोनाच्या लसीकरणाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानी पडते. ‘लस होती, सरकारने फुकट दिली, पण आपले लोकच अडाणी, धाक दाखवला तेव्हा कुठे रांगेत उभे राहिले.’ परिसंवादात हे वाक्य येते, निवृत्त अधिकाऱ्यांच्या भाषणात येते, घरगुती गप्पांतही येते. त्याच्या मदतीला दाखलेही तयार असतात. लसीकरणाचे पथक पाहून बाराबंकी जिल्ह्यातल्या गावकऱ्यांनी शरयू नदीत उड्या घेतल्या, ती मे २०२१मधली बातमी. लस घेणारा दोन वर्षांत मरतो, हा व्हॉट्सॲपवर फिरलेला मजकूर. लसीने मूल होत नाही, ही गावोगाव पोहोचलेली अफवा.

यातले काहीही मी नाकारत नाही. अफवा होत्या, भीती होती आणि त्या भीतीपायी लस न घेता माणसे दगावली. तरीही त्या वाक्याला माझा पूर्ण विरोध आहे. ते घटनांचा क्रम उलटा लावते. लोकांनी विचारलेल्या प्रश्नांना ते नकार समजते. आणि सगळा दोष लोकांच्या डोक्यावर ठेवल्यामुळे पुढच्या साथीतही त्याच चुका करायला मोकळीक देते.

आधी क्रम पाहू. देशात लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले, ते आरोग्य कर्मचाऱ्यांपासून. १ मार्चला साठीपुढच्यांची आणि ४५ वर्षांवरच्या व्याधीग्रस्तांची पाळी आली, १ एप्रिलला ४५ वर्षांवरच्या सगळ्यांची. एप्रिल उजाडून आठवडा होतो न होतो तोच महाराष्ट्रातली केंद्रे साठा संपल्याने बंद पडू लागली. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मोठ्या केंद्राच्या दारातून ज्येष्ठ नागरिक परत गेले. तशातच १ मेपासून १८ वर्षांवरच्या सगळ्यांना लस खुली केल्याची घोषणा झाली आणि बारा दिवसांच्या आत राज्य सरकारला १८ ते ४४ या वयोगटाचे लसीकरण थांबवावे लागले, कारण ४५ वर्षांवरच्यांच्या दुसऱ्या मात्रेपुरतीही कोव्हॅक्सिन हाताशी नव्हती. जगातला सर्वांत मोठा लस उत्पादक कारखाना पुण्यात आणि पुणेकर पहाटेपासून रांगेत, अशी त्या दिवसांतली स्थिती होती.

‘सरकारने फुकट दिली’ हेही अर्धेच खरे. मे आणि जूनमधले सात आठवडे आठवून पाहा. उत्पादनातला निम्मा वाटा केंद्राचा, पाव राज्यांचा आणि पाव खासगी रुग्णालयांचा, अशी वाटणी झाली होती. एकाच लसीच्या एका मात्रेला केंद्र १५० रुपये मोजत होते, राज्ये ३०० आणि खासगी रुग्णालये ६००. ज्याच्या खिशात पैसे होते त्याला खासगी रुग्णालयात लस मिळे, बाकीच्यांनी थांबायचे. ४५ वर्षांखालच्यांना लस विकत घ्यायला लावणारे हे धोरण सकृतदर्शनी मनमानी आणि अतार्किक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ मेच्या आदेशात म्हटले. त्यानंतर, २१ जूनपासून, केंद्राने पुन्हा खरेदी हाती घेतली. म्हणजे दुसरी लाट गावागावांत माणसे नेत होती, त्या ऐन दिवसांत प्रश्न ‘लस घ्यायची की नाही’ हा नव्हताच. ‘लस आहे कुठे’ हा होता. लोकांनी नाकारायला ती आधी त्यांच्यापर्यंत यावी लागते.

दुसरा अडथळा पडद्यावरचा. १८ ते ४४ वयाच्या माणसाला सुरुवातीला कोविनवर नोंदणी करून वेळ मिळवल्याशिवाय लस मिळत नव्हती. हे संकेतस्थळ मराठीत दिसू लागले जून २०२१मध्ये. तोवर त्याची भाषा इंग्रजी. ज्यांच्याकडे वेगवान इंटरनेट होते, टेलिग्रामवर सूचना येत होत्या आणि ओटीपी टाकून काही सेकंदांत जागा पकडण्याचा सराव होता, त्यांनी जागा पकडल्या. शहरातली तरुण मुले गाड्या काढून शेजारच्या जिल्ह्यांतल्या ग्रामीण केंद्रांवर पोहोचली. त्या तरुणांना मी दोष देत नाही. जीव वाचवायची धडपड प्रत्येकाची असते. पण त्या आरोग्य केंद्राच्या आवारातून, आपल्याच गावच्या केंद्रात आपल्यासाठी जागा नाही हे ऐकून जो शेतमजूर घरी गेला, त्याची नोंद पुढे कुठल्या रकान्यात झाली? ‘लस न घेतलेला’ या रकान्यात. आणि त्या रकान्यावरूनच त्याला अडाणी ठरवले गेले.

२४ मेपासून सरकारी केंद्रांवर जागेवरच नोंदणीची मुभा मिळाली, साठाही हळूहळू वाढला. इथून पुढे तरी दोष लोकांचाच, असे म्हणणाऱ्यांनी उपकेंद्रात एक सकाळ काढायला हवी होती. कोव्हिशिल्डच्या एका कुपीत दहा मात्रा असत. कुपी एकदा उघडली की चार तासांत संपवायची, उरलेली फेकून द्यायची. लस वाया गेली तर पुढचा पुरवठा कमी होईल, असे केंद्राच्या नियमातच होते. त्यामुळे सिस्टर दहा माणसे जमेपर्यंत कुपी उघडत नसे. सकाळी नऊला आलेल्या सहा-सात बाया ओट्यावर बसून राहायच्या. अकरा वाजायचे, बारा वाजायचे. तोवर अर्ध्या दिवसाची मजुरी बुडालेली असायची. एकेक उठून जायची आणि मग उरलेल्यांनाही उद्या या म्हणून सांगावे लागायचे. सिस्टर नियम पाळत होती, बाया पोट पाळत होत्या. दोघींचे चुकले नाही आणि लसही झाली नाही.

मजुरीचा हा मुद्दा शहरात बसून फार छोटा वाटतो, म्हणून जरा जवळून सांगतो. ऑक्टोबर २०२१मध्ये राज्यात ‘मिशन कवच कुंडल’ चालू होते. दिवसाला पंधरा लाख मात्रांचे लक्ष्य होते. बीड जिल्ह्यातल्या एका गावात मी आशाताईंबरोबर घरोघर फिरत होतो. सोयाबीनच्या काढणीचे दिवस. एका घरी पस्तिशीची एक बाई डोक्याला पदर बांधून शेताकडे निघायच्या बेतात होती. आशाताईंनी लसीचे विचारले.

‘‘माझी ना नाही, ताई. पण आमच्या टोळीनं एकराचं काम उक्तं घेतलंय. रातच्याला ताप भरला तर माझ्या वाटची काढणी कोण करील? बाकीच्या बाया बोलतील मला.’’

‘‘तापाची गोळी देते ना मी. सांजच्याला येऊन बघून जाते.’’

‘‘आन दुसरी सुई? दसरा झाला की आम्ही तोडीला जाणार, कारखान्यावर. तिकडं देतेत का?’’

‘‘देतात. मोबाईल नंबर सांगा, त्याच्यावर मेसेज येईल.’’

‘‘मोबाईल मालकाजवळ असतो. ते तर गेलेत मुकादमाकडं.’’

या बोलण्यात अंधश्रद्धेचा एक शब्द नाही. तिच्या तिन्ही प्रश्नांना व्यवस्थेने आधीच उत्तरे तयार ठेवायला हवी होती. ताप आला तर बुडणारा रोज भरून द्यायची सोय नव्हती. दोन मात्रांमधले अंतर चौऱ्याऐंशी दिवसांचे, आणि ते संपणार कोल्हापूर-सांगलीकडच्या उसाच्या फडात. तिथे तिला शोधत कोण येणार, हे ठरलेले नव्हते. निरोप जाणार नवऱ्याच्या फोनवर. कारखान्यात, बँकेत, कचेरीत काम करणाऱ्याला लसीनंतर अंग दुखले तर रजा टाकता येत होती. तिला रजा कोण देणार? लसीच्या दुसऱ्या दिवशीचा ताप हा नोकरदाराला किरकोळ त्रास होता, तिला तो थेट आर्थिक फटका होता. नफ्यातोट्याचा इतका स्पष्ट हिशेब मांडणाऱ्या बाईला अडाणी म्हणणे हा सरळसरळ अन्याय आहे.

आता भीतीकडे वळतो. भीती खरी होती. पण ती कुणाला वाटली, त्यावरून तिचे नाव बदलले. कोव्हॅक्सिनला आपत्कालीन मान्यता मिळाली ती ३ जानेवारी २०२१ रोजी. तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्यांतून ती किती परिणामकारक हे समोर येण्याआधी, ‘चाचणीच्या पद्धतीने’ वापरायच्या अटीवर. लसीकरणाच्या पहिल्याच दिवशी दिल्लीतल्या राम मनोहर लोहिया रुग्णालयाच्या निवासी डॉक्टरांनी पत्र लिहून कळवले की, आम्हाला कोव्हिशिल्ड द्या, कोव्हॅक्सिनबद्दल आमच्या मनात शंका आहेत. महाराष्ट्रात त्या दिवशी २८५ केंद्रांवर प्रत्येकी शंभर जणांचे नियोजन होते. प्रत्यक्षात अठरा हजारांच्या आसपास कर्मचाऱ्यांनी लस घेतली. ॲपमधला गोंधळ हे त्याचे एक कारण, आणि ‘थोडे थांबून पाहू’ हे दुसरे. डॉक्टर आणि परिचारिका थांबून पाहत होत्या, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याला सावधपणा म्हटले. धारणी-चिखलदऱ्यातला कोरकू शेतकरी थांबून पाहू लागला, तेव्हा ते मागासलेपण झाले. शंका एकच होती. फरक पडला तो शंका घेणाऱ्याच्या शिक्षणाने आणि जातीने.

शिवाय गावातल्या माणसाकडे शंका घ्यायला कारणे जास्त होती. लसीकरण आणि दुसरी लाट एकाच वेळी गावात शिरली. एप्रिलमध्ये कुणी पहिली मात्रा घेतली, तिचे संरक्षण तयार होण्याआधीच कुठेतरी, कदाचित त्याच केंद्रावरच्या गर्दीत, त्याला संसर्ग झाला आणि पंधरा दिवसांत तो गेला. गावाने पाहिले ते एवढेच: लस घेतली आणि माणूस मेला. या दोन गोष्टींचा संबंध कसा नाही, हे त्यांच्या अंगणात बसून, त्यांच्या बोलीत सांगायला कुणी आले नाही. आणखी एक गोष्ट. वर्षभर याच गावांत आरोग्य खात्याची गाडी येई ती तपासणीला. तपासणीत सापडलेला माणूस कोविड सेंटरला जाई आणि काही जणांचे तर प्रेतही घरी येत नसे. तीच गाडी, तेच कर्मचारी लस घेऊन आले, तेव्हा लोक घराची दारे लावून शेतात निघून गेले. हा अनुभवातून आलेला धसका होता. त्यावरचा इलाज विश्वासाचा होता. उपहासाने तो वाढलाच.

हीच गावे पिढ्यान्‌पिढ्या लस घेत आली आहेत, ही गोष्ट तर आरोप करणारे पार विसरतात. पल्स पोलिओची मोहीम १९९५मध्ये सुरू झाली. वर्षानुवर्षे आया कडेवर मूल घेऊन बूथवर गेल्या, बसस्थानकांवर, वीटभट्ट्यांवर, उसाच्या फडांत थेंब पाजले गेले. जानेवारी २०११नंतर देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा एकही रुग्ण सापडला नाही आणि २७ मार्च २०१४ला तसे प्रमाणपत्र मिळाले. पोलिओविषयीही अफवा होत्या, अगदी हीच, वंध्यत्वाची. मग फरक कुठे पडला? तिथे लस माणसाकडे गेली. इथे माणसाने लसीकडे जायचे होते: फोनमधून, इंग्रजीतून, रांगेतून आणि बुडालेल्या मजुरीतून. समाज तोच होता, आखणी वेगळी होती.

आणि शिक्षणाने माणूस फसत नाही, असेही कुणी समजू नये. ३० मे २०२१ रोजी कांदिवलीतल्या एका मोठ्या गृहसंकुलात ३९० जणांनी पैसे भरून लस घेतली. ना कुणाला ताप आला, ना अंग दुखले, आणि प्रमाणपत्रे आली ती भलत्याच रुग्णालयांच्या नावांची, तेव्हा संशय आला. मुंबईत अशा बनावट शिबिरांत दोन हजारांहून अधिक लोक फसल्याचे पुढे उच्च न्यायालयात सांगितले गेले. हे सगळे शिकलेले, बँक खाती आणि स्मार्टफोन बाळगणारे लोक. त्यांना कुणी अडाणी म्हटले नाही, आणि म्हणूही नये; ते टंचाईत अडकलेले घाबरलेले नागरिक होते. मला एवढेच म्हणायचे आहे की गावकऱ्यालाही हीच सहानुभूती मिळायला हवी होती.

प्रतिपक्षाचा सर्वांत जोरकस मुद्दा सक्तीचा. नोव्हेंबर २०२१मध्ये औरंगाबाद जिल्हा प्रशासनाने किमान एक मात्रा घेतल्याशिवाय रेशन, गॅस, पेट्रोल देऊ नये असा आदेश काढला आणि लसीकरणाचे आकडे वाढले. म्हणजे धाकच लागतो, असा हा युक्तिवाद. आकडे वाढले हे खरे. पण त्याच महिन्यात देशभर ‘हर घर दस्तक’ सुरू झाले, लस दारात येऊ लागली आणि साठा मुबलक झाला. त्यातून धाकाचा वाटा वेगळा काढून कुणी दाखवलेला नाही. शिवाय रेशन हा २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे. तो अडवला की पोट रेशनवर आहे त्यालाच चिमटा बसतो. ज्याचे घर रेशनवर चालत नाही त्याला या आदेशाची धगही लागली नाही. मुंबईत १५ ऑगस्ट २०२१पासून दोन मात्रा झालेल्यांनाच लोकलने प्रवास करता येत होता. डोंबिवली-विरारकडून रोज कामाला येणाऱ्या घरकामाच्या बायका आणि सुरक्षारक्षक त्यात भरडले गेले. साहेब आपल्या गाडीने जात राहिले. लोकलप्रवासावरचे हे आदेश कायद्याने ठरवून दिलेल्या रीतीने निघाले नव्हते, असे मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२मध्ये सुनावले. त्याच वर्षी २ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने लसीकरणाचे धोरण उचलून धरले, पण स्वतःच्या शरीरावरचा माणसाचा अधिकार मान्य करून कुणालाही लस घ्यायला भाग पाडता येणार नाही, असा निर्णय दिला.

सक्तीने विश्वास तयार होत नाही, याचा पुरावा तिसऱ्या मात्रेत सापडतो. देशात एकूण २२० कोटींच्या आसपास मात्रा दिल्या गेल्या. दोन मात्रा घेणारे ९५ कोटींच्या घरात, तिसरी घेणारे २२-२३ कोटी. १५ जुलै २०२२पासून पंचाहत्तर दिवस ही मात्रा १८ वर्षांवरच्या सगळ्यांना फुकट होती. साठा होता, पैसे लागत नव्हते, रांगाही नव्हत्या. तरी शहरांतल्या सुशिक्षितांनीही मोठ्या संख्येने पाठ फिरवली. त्या वेळी कुणी त्यांच्या अंधश्रद्धेवर परिसंवाद भरवले नाहीत. त्यांनी आपापल्या परीने धोक्याचा अंदाज घेतला, असेच आपण मानले. हा न्याय सोयाबीन काढणाऱ्या बाईला का नाही?

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. १८९७च्या प्लेगमध्ये पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या अमलात गोरे सोजीर घरात घुसले, बायकांची तपासणी रस्त्यावर झाली आणि जो संताप पेटला त्याचा शेवट २२ जूनला रँडवर झाडलेल्या गोळ्यांत झाला. त्याच वर्षी १० जानेवारीला भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. आणि त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने गेल्या. साथ एकच, वर्ष एकच. लोकांनी रँडला धिक्कारले आणि सावित्रीबाईंना आजही पुजतात. आपल्याकडच्या लोकांना औषधाचे वावडे नव्हते; अपमानाचे होते.

जिथे मान राखला गेला, तिथे २०२१मध्येही लोक पुढे आले. नर्मदाकाठच्या अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवर आरोग्य पथके बोटीने पोहोचली. मेळघाटात कोरकू बोलीतून सांगायला सुरुवात झाल्यावर चित्र बदलले. अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन लस देणे शक्य नाही, असे केंद्र सरकार न्यायालयात सांगत होते. दोन वकिलांनी जनहित याचिका लावून धरली आणि ऑगस्ट २०२१पासून मुंबई महापालिकेची पथके घरी जाऊन लस देऊ लागली. हे सगळे ओढले ते मुख्यतः आशाताईंनी. राज्यातल्या सत्तर हजारांच्या आसपास आशांना याच महामारीत, जून २०२१मध्ये, मानधनासाठी संपावर जावे लागले, तेव्हा कुठे महिन्याला दीड हजार रुपयांची वाढ पदरात पडली. लोकांच्या विश्वासाचा सगळा भार ज्या बाईच्या खांद्यावर, तिला शासन कर्मचारीही मानत नाही. लसीकरण का रखडले याचे उत्तर शोधणाऱ्यांनी तिथून शोध सुरू करावा.

हा वाद जुना उकरून काढलेला नाही. २०२२च्या अखेरीस गोवंडीत गोवर पसरला, मुले दगावली आणि लगेच तेच वाक्य ऐकू आले: ‘हे लोक लसच घेत नाहीत.’ करोनाच्या दोन वर्षांत नियमित लसीकरणाची घडी विस्कटली होती, कर्मचारी करोनाच्या कामाला जुंपले होते, दाटीच्या वस्तीत आरोग्य केंद्रे अपुरी होती, हे सगळे मागे पडले. एकदा का दोष लोकांच्या डोक्यात आहे असे ठरले, की केंद्रे वाढवावी लागत नाहीत, नेमणुका कराव्या लागत नाहीत, कुणाला जाबही द्यावा लागत नाही. म्हणून हे वाक्य इतके लोकप्रिय आहे, आणि म्हणूनच ते धोक्याचे आहे.

पुढची साथ येईल तेव्हा माझी मागणी साधी आहे. लसीच्या दुसऱ्या दिवसाची मजुरी रोजंदारीवरच्या माणसाला द्या. गावपातळीवर छोट्या कुप्या द्या, आणि तोवर वाया गेलेल्या मात्रांचा दंड उपकेंद्राच्या माथी मारू नका. नोंदणी आधी कागदावर करा, पडद्यावर नंतर चढवा. तोडीला जाणाऱ्यांची दुसरी मात्रा कारखान्याच्या फडात द्यायची जबाबदारी आधी लिहून ठेवा. लसीचे दुष्परिणाम क्वचित होत असले तरी ते उघड सांगा आणि ज्याला ते भोगावे लागले त्याच्या कुटुंबाला भरपाई द्या. लपवलेली एक गोष्ट शंभर अफवांना जन्म देते. आशाताईंना कायम कर्मचाऱ्याचा दर्जा द्या. हे सगळे करूनही कुणी लस नाकारली, तर त्याच्या अडाणीपणावर जरूर बोलू. त्याआधी तो शब्द वापरायचा अधिकार कुणालाही नाही.